पेनड्राइव्हांचं टाइमटेबल

शाळेत तिला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. भूगोलाच्या तासाला मुलं नुसतं "बाई" म्हणत, आणि तास संपून ती वर्गाबाहेर पडली की अख्खी शाळा "टाइमटेबलबाई". पाणी भरायला येणारा माणूससुद्धा "टाइमटेबलबाईंचा माठ भरला" असंच सांगायचा.

बावीस वर्षांपूर्वी हे काम तिच्या गळ्यात पडलं. आधीचे सर निवृत्त होताना त्यांनी तिला एक पुठ्ठा आणि डबाभर रंगीत टाचण्या दिल्या आणि कानात सांगितलं, "बाई, कुणाचा वाढदिवस विसरलात तरी चालेल. ऑफ तास विसरू नका. माणसं मरेपर्यंत लक्षात ठेवतात." तिने ते असं काही मनावर घेतलं की पहिल्या वर्षी स्वतःलाच ऑफ तास ठेवायला विसरली.

पुढे टाचण्या गेल्या, कम्प्युटर आला, आणि टाइमटेबल तिच्या अंगात भिनलं. घरी न्हाणीघराच्या दारावर वेळांचा कागद लागला. नवरा त्याला "माझे तास" म्हणायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "रविवारी मला डबल पिरियड असतो." मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला गेली, तेव्हा आईने डोळे पुसता पुसता फोनची वेळ ठरवून टाकली : संध्याकाळी सात दहा ते साडेसात. सातला का नाही? तर तेव्हा दूध तापत असतं, क्लॅश होतो. सात बारापर्यंत फोन आला नाही की तिच्या डोळ्यांसमोर अपघात, ताप, घसरडे जिने, सगळं ओळीने उभं राहायचं. सात तेराला फोन वाजायचा आणि ती शांतपणे म्हणायची, "हं, बोल. मी काही काळजी करत नव्हते."

शाळेतला कम्प्युटर जिन्याखालच्या खोलीत होता. एका बाजूला व्हॉलीबॉलचं जाळं, दुसऱ्या बाजूला मोडके नकाशे, मधे हा. मूळचा दुधी रंग, आता जुन्या दातासारखा पिवळा. सकाळी बटण दाबलं की चालू व्हायला अकरा मिनिटं. बटण दाबायचं, वर्गात जाऊन हजेरी घ्यायची, दोन मुलांना ओरडायचं आणि परत यायचं, तेव्हा कुठे साहेब डोळे उघडत. त्याच्या डब्यावर तळहात ठेवून ती रोज बघायची, फार गरम तर नाही ना. मुलगी लहान असताना अशीच कपाळाला हात लावायची.

टाइमटेबलचा प्रोग्रॅम एका माजी विद्यार्थ्याने करून दिलेला होता. तो फक्त याच कम्प्युटरवर चालायचा. त्या विद्यार्थ्याची आता बेकरी होती, आणि प्रोग्रॅमचा विषय काढला की तो म्हणायचा, "बाई, बिस्किटं घ्या."

काम मात्र चोख करायचा तो प्रोग्रॅम. शिक्षक भरायचे, वर्ग भरायचे, कुणाचे किती तास ते भरायचं, आणि "जुळवा" असं बटण दाबायचं. खाली एक हिरवी पट्टी सरकत जायची. शंभर टक्के झाली की टाइमटेबल तयार. दरवर्षी तीन तासांत पट्टी भरायची.

यंदा मात्र घोडं एकोणनव्वद टक्क्यांवर पेंड खात उभं राहिलं.

सुट्टीत गणिताचे सर दुसरीकडे गेले होते आणि चित्रकलेच्या बाईंनी नोकरी सोडली होती. संस्थेने कळवलं, "तूर्त आहे त्यात बसवा." तिने त्या दोघांचे तास थोडे इकडे, थोडे तिकडे वाटून दिले आणि बटण दाबलं. तीन तास झाले, सहा झाले. दुसऱ्या दिवशीही एकोणनव्वदच. तोवर शाळेत कच्चं टाइमटेबल चालू होतं, आणि ते इतकं कच्चं होतं की मंगळवारी दोन वर्ग एकाच वेळी मैदानावर आणि तीन शिक्षक एकाच वर्गात होते. तिघांनीही शिकवलं म्हणे. मुलांनी नंतर विचारलं, परीक्षेत कुणाचं लिहायचं?

सोमवारी मोठ्या बाई जिन्याखाली वाकून आत आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका त्या, बांध्याने उंच. त्यांच्या मागोमाग शिट्टी गळ्यात अडकवलेले खेळाचे सर.

"काय म्हणतंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एकोणनव्वद."

"परवाही एकोणनव्वदच होतं."

"तब्येत जरा बरी नाही त्याची."

खेळाचे सर हसले. "बाई, त्याला आता घरी बसवा. मी सांगतो, नवीन कम्प्युटर आणू. त्यातला प्रोग्रॅम एका मिनिटात टाइमटेबल काढतो. मी करीन की! नाहीतरी पाऊसपाण्याचे माझे तास रिकामेच जातात."

"तुमचे तास रिकामे जातात ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मीच देते ते."

मोठ्या बाईंनी दोघांकडे पाहिलं. "हे बघा, मुलांचे हाल होताहेत. शुक्रवारच्या मधल्या सुट्टीपर्यंत टाइमटेबल नोटीस बोर्डावर लागलं तर ठीक. नाहीतर हा डबा अडगळीत, आणि काम सरांकडे."

त्या गेल्या. तिने डब्याच्या दोन्ही बाजूंना हात ठेवले, जणू त्याला ऐकू जाऊ नये म्हणून कान झाकावेत तसे. बावीस वर्षं! आणि देणार कुणाला, तर ज्या माणसाला शिट्टी वाजवल्याशिवाय वेळ कळत नाही त्याला!

त्या संध्याकाळी सात दहाला फोनवर मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"आई, मेमरी कमी पडत असणार. तुझ्याकडे पेनड्राइव्ह आहे ना? तो खोच त्यात. छोटी चौकट उघडेल, तिथे 'वेग वाढवण्यासाठी वापरा' असं काहीतरी असेल, ते निवड. जुन्या मशीनला तेवढाच हातभार."

"म्हणजे कामाला मदतनीस ठेवल्यासारखं?"

"हां, तसंच समज. फार आशा ठेवू नकोस पण."

पण आशा ठेवू नकोस असं सांगितल्यावर ती जास्तच ठेवायची, हा तिचा स्वभाव. मंगळवारी सकाळी तिने तिचा निळा पेनड्राइव्ह खोचला, सांगितलं तसं केलं, आणि तासाभराने कम्प्युटर बंद करून परत सुरू केला. आठ मिनिटं! अकराची आठ! ती हजेरी घेऊन परत आली तर साहेब आधीच डोळे उघडून बसलेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला उशीर झाला होता, त्याला नाही.

एकाने तीन मिनिटं वाचतात, तर सहांनी काय होईल? भूगोलाची बाई असली तरी गणित तिचं तेवढं कच्चं नव्हतं. घरोघर वर्गणी मागतात तशी ती स्टाफरूमभर फिरली. मधल्या सुट्टीपर्यंत सहा पेनड्राइव्ह जमले : तिचा निळा, एक जाड्या, टोपण हरवलेला बोडका, एका दंतवैद्याने फुकट वाटलेला, हुबेहूब दाढेच्या आकाराचा, कुणाच्या तरी नातवाचा पिवळं बदक असलेला, आणि सहावा घंटा वाजवणाऱ्या शिपाईकाकांचा, जुन्या गाण्यांनी भरलेला.

"बाई, माझी गाणी खाणार नाही ना हा?" काकांनी बदकाशेजारी आपला पेनड्राइव्ह ठेवताना विचारलं.

"नाही हो. उरलेल्या जागेत काम करणार तो."

"मग बरं. जागा बरीच उरलीय. दुःखी गाणी मी काढून टाकली."

आता अडचण अशी की डब्याला पुढच्या अंगाला खोबणी दोनच. मागच्या दोन कीबोर्ड आणि माउसने अडवलेल्या. सहा मदतनीस आणि दोन खुर्च्या. दुसरा कुणी असता तर त्याने दोन लावले असते आणि चार परत दिले असते. पण ही टाइमटेबलबाई. तिला चटकन उत्तर दिसलं. पाळ्या!

शिवाय तिने निळ्याला हात लावून पाहिला होता. चांगलाच तापला होता बिचारा. शाळेचा नियमच होता, कुणालाही सलग तीन तासांच्या वर नाही. माणसाला नाही तर पेनड्राइव्हला का?

तिने प्रोग्रॅम उघडला. नवीन फाइल करायची तर अर्धा तास जाणार, म्हणून चालू फाइलमध्येच शिक्षकांच्या यादीखाली सहा नावं भरली : निळा, जाड्या, बोडका, दात, बदक, गाणेवाला. 'वर्ग' म्हणून 'कम्प्युटर' असा एक नवीन वर्ग केला. 'विषय' हा रकाना मोकळा सोडला की प्रोग्रॅम टुंग करून अडून बसायचा, म्हणून तिने लिहिलं, 'सर्व'. आणि हाताने पाळ्या लावून दिल्या. पहिला तास निळा आणि बोडका. दुसरा जाड्या आणि दात. बदकाला गुरुवारी शेवटचे दोन तास ऑफ, कारण ते लहान.

कागद छापून तिने काकांच्या हाती दिला. "घंटा दिलीत की धावत यायचं आणि बदली करायची. मी तासावर असेन."

"वरच्या मजल्यावरून?"

"घंटा जरा लवकर संपवा."

मंगळवारी दुपारपासून असं सुरू झालं की घंटा व्हायची, आणि घंटेचा नाद विरायच्या आत काका जिन्यावरून धाडधाड खाली. एका हातात दात, दुसऱ्या हातात बदक. "निळे, बोडके, सुटलात! दात, बदक, चला!" असं ओरडत ते अदलाबदल करायचे. मुलांना वाटलं, जिन्याखाली कुणाला तरी बंद करून ठेवलंय.

कम्प्युटरला मात्र काय होत होतं कुणास ठाऊक. घंटा झाली, बदली झाली, की पडदा पाच मिनिटं थिजायचा. हिरवी पट्टी साठ-पासष्टपर्यंत चढली की पुढची घंटा. परत थिजला. दोनदा तर पूर्ण बंद पडला आणि जुळवणी पहिल्यापासून सुरू. बुधवारी सकाळी चालू व्हायला चौदा मिनिटं लागली. पट्टी आता एकोणनव्वदलाही पोचेना.

"बाई, मला वाटतं बदक कामचुकार आहे," काका दम लागलेल्या आवाजात म्हणाले. "ते लावलं की जास्त अडतं."

"दाताचंही तसंच." तिने कागदावर नोंद केली. "उद्यापासून बदकाच्या आधी गाणेवाला ठेवू."

बुधवारी सात दहाला फोन आला. तिने पाळ्यांचं सगळं मुलीला सांगितलं, थोडं कौतुकाच्या अपेक्षेने.

"ऐकू येतंय ना? बरी आहेस ना?"

"आई, तू दर तासाला काढतेस ते?"

"मग? सलग चालवून जाळू?"

"अगं आई!" मुलगी हसत होती की रडत होती कळेना. "त्याला परत परत काय लागतं ते कम्प्युटर हळूहळू शिकतो आणि पेनड्राइव्हवर हाताशी मांडून ठेवतो. तू तो काढलास की मांडलेलं सगळं गेलं. नवीन लावला की परत पहिल्यापासून मांडायचं. मांडून होतंय तोवर तुझी घंटा!"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, रोज प्रत्येक तासाला वर्गावर वेगळा बदली शिक्षक पाठवला तर काय होतं?"

"काय होणार? तो मुलांची नावं विचारतो, तेवढ्यात तास संपतो."

"हं."

"हं," ती म्हणाली, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे तिने असं पाहिलं की तो उठून न्हाणीघरात गेला. त्याचा तास नव्हता तरी.

आयुष्यभर ती स्टाफरूममध्ये भांडत आली होती, की वर्गशिक्षक बदलू नका, मुलं बावरतात. आणि स्वतःच्या लेकरासारख्या कम्प्युटरला दिवसाला आठ बदली शिक्षक! शहाण्याचा गाढव व्हायला वेळ लागत नाही, फक्त एक कागद आणि एक टाइमटेबल लागतं.

गुरुवारी तिने दात आणि बदक लावले. तेच का? तर त्यांच्यावर विनाकारण आळ घेतल्याचं तिला वाईट वाटत होतं. काकांना बजावलं, "आज हात लावायचा नाही. नुसती घंटा." काकांचा चेहरा पडला. दोन दिवसांत त्यांना पळायची सवय झाली होती.

पाचव्या तासाला कम्प्युटर चांगला वाटेवर आला. पडद्यावरच्या खिडक्या पटापट उघडायला लागल्या. तिने श्वास रोखून "जुळवा" दाबलं. साठ. सत्तर. पंच्याऐंशी. एकोणनव्वद.

थांबली पट्टी.

तिने डब्यावर हात ठेवला. "चल रे," ती पुटपुटली.

नव्वद. पंच्याण्णव. शंभर! खाली अक्षरं उमटली : क्लॅश शून्य.

बावीस वर्षांत शून्य कधी आलं नव्हतं. एखाददुसरा क्लॅश असायचाच, तो ती हाताने सोडवायची. तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात सातवीच्या तासाची घंटा झाली. तिने छपाई सुरू करून दिली, करकर करत कागद बाहेर यायला लागले, आणि वर्गावर धावता धावता ती काकांना ओरडून म्हणाली, "छापून झालं की लगेच बोर्डावर लावा! लगेच! सरांनी बघायच्या आत!"

काकांनी लावलं. शाळा सुटता सुटता लावलं, त्यामुळे वाचलं कुणी नाही.

शुक्रवारी सकाळी ती फाटकातून आत आली तेव्हा नोटीस बोर्डासमोर ही गर्दी. सातवी ब ची मुलं सगळ्यांत पुढे, आनंदाने उड्या मारताना. खेळाचे सर गर्दीच्या मधोमध उभे राहून मोठ्याने वाचत होते.

"सातवी ब, सोमवार, तिसरा तास. गणित : बदक."

हशा.

"आठवी अ. चित्रकला : दात. नववी ब, गणित : बोडका. अहो, हे बोडके सर कधी रुजू झाले? आणि शनिवारी पाचवीला गाणेवाला आहे, म्हणजे निदान वेळ तरी बरा जाईल!"

त्याच फाइलमध्ये भरलेली सहा नावं. 'विषय : सर्व.' प्रोग्रॅमला काय कळणार? त्याला सहा नवे शिक्षक दिसले, वाटेल तो विषय शिकवणारे, वाटेल तेव्हा रिकामे. त्याने आनंदाने कामाला लावले.

"बाई!" सातवी ब मधली एक मुलगी तिच्याकडे धावत आली. "बदक खरंच येणार?"

ती तशीच जिन्याखाली गेली, आणि व्हॉलीबॉलच्या जाळ्यावर बसली. आता काय राहिलं? हात दाखवून अवलक्षण. कम्प्युटर अडगळीत जाणार, काम सरांकडे, आणि निरोप समारंभात लोक बदकाची गोष्ट सांगणार. तिच्या नातवंडांच्याही कानावर जाईल. मुलीचं अजून लग्नही ठरलं नव्हतं, पण ती नातवंडांपर्यंत पोचलीसुद्धा.

मोठ्या बाई वाकून आत आल्या. हातात बोर्डावरून काढलेले कागद आणि लाल पेन. दारात खेळाचे सर, चेहऱ्यावर दिवाळखोरी जाहीर करायला आलेल्या माणसासारखा गंभीरपणा.

"हे बदक कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

तिने डब्याकडे बोट दाखवलं. पिवळं बदक खोबणीत चोच वर करून बसलं होतं. त्याच्या शेजारी दात.

मोठ्या बाईंनी जरा वेळ बघितलं. मग त्या मोडक्या नकाशांवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी यांचे सगळ्यांचे तास मोजले. वर्गावरचे. साठ भरले."

"मी काढून टाकते बाई, आत्ता—"

"थांबा. एका शिक्षकाला आठवड्याला किती तास असतात?"

"तीस." हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं.

"म्हणजे साठ तास म्हणजे किती माणसं?"

"दोन," ती म्हणाली, आणि एकदम उभी राहिली. डोकं जिन्याला आपटलं. "दोन! गणिताचे सर आणि चित्रकलेच्या बाई! बाई, म्हणजे एकोणनव्वदला हा अडत नव्हता. शिक्षकच तेवढे होते! उरलेल्या तासांना माणसंच नव्हती, हा बिचारा बसवणार कुठून?"

"म्हातारा म्हणून आपण त्याला नावं ठेवली," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि मी संस्थेला सांगत बसले, आमच्या बाई बसवतील."

"पण नवीन कम्प्युटरवर एका मिनिटात—" दारातून सर म्हणाले.

"एका मिनिटात एकोणनव्वद झाले असते, सर. एवढंच." मोठ्या बाईंनी लाल पेनने बदकाभोवती एक मोठं वर्तुळ काढलं. "हा कागद मी आजच संस्थेकडे पाठवते. असाच. खाली लिहिते, 'दोन शिक्षक मिळेपर्यंत सातवी ब ला गणित बदक शिकवील.' बघू किती दिवस गप्प बसतात."

संस्था नऊ दिवस गप्प बसली. दहाव्या दिवशी दोन शिक्षक आले.

मधल्या नऊ दिवसांत तास रिकामे सोडून चालणार नव्हतं, म्हणून मोठ्या बाईंनी ते वाटून दिले. दाताचे आणि बोडक्याचे तास खेळाच्या सरांना मिळाले, कारण त्यांनी स्वतःच्या तोंडाने रिकामे तास कबूल केले होते. बदकाचे मोठ्या बाईंनी स्वतः घेतले. सोमवारी तिसऱ्या तासाला त्या सातवी ब मध्ये शिरल्या, तेव्हा वर्ग इतका हिरमुसला की त्यांना विचारावं लागलं, "काय झालं?" मागच्या बाकावरून आवाज आला, "काही नाही बाई. आम्हाला वाटलं होतं, ते येणार."

टाइमटेबल तिच्याकडेच राहिलं. कम्प्युटरही जिन्याखालीच राहिला. चार पेनड्राइव्ह ज्याचे त्याला परत गेले. काकांनी आपला उघडून सगळी गाणी मोजून घेतली. दात आणि बदक तेवढे खोबणीत कायम झाले, आणि रोज आठ मिनिटांत शाळेचं टाइमटेबल उघडतं. ती डब्यावर हात ठेवून ताप बघते, मग बदकाच्या डोक्यावर एक बोट टेकवते.

शनिवारी शाळा सुटली की ती दोघांना काढून टेबलाच्या खणात ठेवते. मुलीने फोनवर सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं, की आई, अशाने सोमवारी परत पहिल्यापासून मांडावं लागतं, दुपारपर्यंत मशीन रडत चालतं.

"चालू दे," ती म्हणते. "आठवड्याची सुट्टी म्हणजे सुट्टी. कुणाचा वाढदिवस विसरला तरी चालतो."